आठ किती परींनी आठ असतो

कुंदाबाई भोईर यांची आणि माझी पहिली भेट त्यांच्याच शाळेच्या स्नेहसंमेलनात झाली. पंचवीसेक वर्षे झाली त्याला. मी प्रमुख पाहुणा होतो आणि पाऊण तास बोललो होतो. भाषण रंगले, निदान मला तसे वाटले. मध्येच एका वाक्याला समोर सतरंजीवर बसलेल्या पहिलीच्या मुलांनी कडाडून टाळ्या वाजवल्या, तेव्हा तर माझा आवाज आणखी चढला. नंतर चहाच्या टेबलापाशी खादीची साडी नेसलेल्या, बुटक्याशा, ठसठशीत बाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"भाषण छान झालं हो. पहिलीची पोरंसुद्धा जागची हलली नाहीत."

"ऐकत होती ना?" मी फुशारून विचारले.

"छे! पंखे मोजत होती. मंडपात आठ पंखे लावलेत. आधी पाच फिरत होते, तीन बंद. तुम्ही 'राष्ट्र' म्हणालात आणि आणखी एक बंद पडला. चार नि चार झाले. ती टाळी त्याची होती."

एवढे बोलून त्यांनी माझ्या हातात बशी दिली आणि त्या मुलांकडे निघून गेल्या. त्या कुंदाबाईंना आता पंच्याहत्तरावे वर्ष लागले आहे. त्यांच्यावर गौरवपर लिहिण्याचा अधिकार माझ्यापेक्षा त्यांच्या शेकडो विद्यार्थ्यांना जास्त आहे. माझ्याकडे असलेला अधिकार वेगळा आहे. या पनवेलमध्ये त्यांचा वर्ग काढून घ्यायचा ठराव आणणारा माणूस मी आहे. तेव्हा मला जे सांगायचे आहे ते दुसरे कोणी सांगू शकणार नाही.

त्या भेटीनंतर दोन-तीन वर्षांनी मी बाईंची शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या शाळा समितीवर गेलो. शिक्षणाबद्दल माझी मते तेव्हा दगडासारखी पक्की होती. आमच्या लहानपणी तिन्हीसांजेला परवचा म्हटल्याशिवाय ताट वाढले जात नसे. तीसपर्यंतचे पाढे, पावकी, निमकी, दीडकी झोपेतही म्हणता आली पाहिजे, असा दंडक होता. त्यातून आम्ही घडलो, अशी माझी समजूत होती. तिकडे खारघरला नवे टॉवर उठत होते, तिथल्या इंग्रजी शाळा आमची मुले ओढून नेत होत्या आणि आमच्या मराठी शाळेच्या पहिलीत काय चालले होते? डिसेंबर उजाडला तरी मुलांच्या गणिताच्या वह्या कोऱ्या! बेचा पाढा म्हणून दाखवा म्हटले की पोरे एकमेकांकडे बघायची. पालक तक्रार करायचे, "बाई दिवसभर चिंचोके खेळवतात."

मी ठराव लिहिला. 'इयत्ता पहिलीचा वर्ग श्रीमती भोईर यांच्याकडून काढून घेऊन त्यांच्याकडे ग्रंथालयाचे काम सोपवावे.' आमचे ग्रंथालय म्हणजे दोन कपाटे, आणि त्यातल्या एकाची किल्ली हरवलेली. बाईंच्या निवृत्तीला पाचेक वर्षे उरली होती. सव्वीस वर्षे त्यांनी पहिलीशिवाय दुसरा वर्ग मागितला नव्हता. मुख्याध्यापकपद चालून आले तेव्हाही नाही. त्यांच्याकडून पहिली काढून घेणे म्हणजे काय काढून घेणे, हे मला कळत नव्हते. आणि कळले असते तरी मी थांबलो नसतो, इतका मी माझ्या म्हणण्याच्या प्रेमात होतो.

समितीचे अध्यक्ष इस्माईलभाई यांचे बाजारपेठेत कापडाचे दुकान. त्यांनी ठराव वाचला, चष्मा काढून पुसला आणि मला विचारले, "साहेब, आमच्या दुकानात गिऱ्हाईक थान उलगडून बघितल्याशिवाय कापडाला नाव ठेवत नाही. तुम्ही बाईंच्या वर्गात कधी बसलात?"

"नाही."

"मग आठवडाभर बसा. ठराव कुठं पळून जात नाही. इन्शाल्ला, त्यानंतर निवांत मत घेऊ."

म्हणून वयाच्या पन्नाशीला आलेला मी गुडघे हनुवटीला लागतील अशा बाकावर, मांडीवर वही घेऊन, पहिलीत जाऊन बसलो.

तिथे काय चालत असे ते नीट सांगतो, कारण बाईंचे सगळे काम त्यात आहे. दर दोन मुलांत एक स्टीलची ताटली आणि तीत आठ चिंचोके. अख्खे नव्हेत, दगडावर घासून अर्धे केलेले. एक बाजू पांढरी, एक काळपट. पूर्वी घरोघरी पट मांडून खेळायला असे चिंचोके घासून ठेवत. मुलाने ते ओंजळीत खुळखुळवायचे आणि ताटलीत टाकायचे. तीन पांढरे पडले, पाच काळे. पुन्हा टाकायचे. सहा पांढरे, दोन काळे. सगळे एकाच रंगाचे पडले, तर तो डाव धरायचा नाही. चिंचोके आठच, ना कोणी आणले, ना कोणी नेले. पण आठ दर वेळी नव्या तऱ्हेने फुटायचा. सापडलेली प्रत्येक तऱ्हा खडूने भिंतीवर लिहायची. त्या यादीला मुलांनी नाव दिले होते 'आठची घरं'.

दुसऱ्या दिवशी कपड्यांचे चिमटे निघाले. एका हँगरला दहा चिमटे, काही डावीकडे सरकवायचे, काही उजवीकडे, आणि डावीकडचे पदराने झाकून विचारायचे, "झाकलेले किती?" तिसऱ्या दिवशी मुठींचा खेळ. चिंचोके दोन मुठींत वाटून घ्यायचे, एक मूठ उघडायची आणि जोडीदाराने बंद मुठीतले ओळखायचे.

या सगळ्यात बाई जवळजवळ बोलत नसत. मुलाने उत्तर दिले की 'बरोबर' म्हणत नसत. शेजारच्याला विचारत, "तुला पटलं का?" त्याला पटले की दोघांना विचारत, "अजून कसं?" बस. दिवसभरात मी हे दोन प्रश्न इतक्या वेळा ऐकले, की घरी जेवताना माझ्या तोंडून "अजून कसं?" निघून गेले आणि बायकोने विचारले, "आमटीत काय कमी आहे का?"

एकदा एक मुलगी बराच वेळ अडली होती. मला राहवले नाही, मी पुटपुटलो, "चार." तिची जोडीदारीण माझ्यावर डाफरली, "काका, तुमी नका ना सांगू! तिला बघू द्या!" आयुष्यात माझे बोलणे कोणी असे तोडले नव्हते.

याच वर्गात हिराची मुलगी सुगंधा होती. हिरा मासळी बाजारात बसे आणि दुपारी रिकामी पाटी काखेत मारून मुलीला न्यायला येई. मी तिला गाठून म्हटले, "तुमच्या मुलीला अजून पाढे येत नाहीत. चालतं का तुम्हाला?"

हिराने मला खालपासून वर न्याहाळले. "पाढं नाय येत, पन वाटा लावता येतो तिला. माझ्याकडं आठ बोंबील हाईत नि वर पाच आले, तर तुमी काय कराल?"

"तेरा."

"ते तुमी तोंडानं केलं. आमी पाचातलं दोन उचलतो नि आठात टाकतो. दहाचा वाटा झाला, तीन ऱ्हायलं. गिऱ्हाइकाला डोल्यांनी दिसतंय, मोजाया नाय लागत."

बाई दारातच उभ्या होत्या. त्या मला म्हणाल्या, "हे मी हिराकडूनच शिकले. प्रशिक्षणाला पन्नास वेळा गेले, पण आठाला दहा व्हायला दोन लागतात आणि ते दोन पाचातूनच फोडायचे असतात, हे इतकं सोपं करून कुणी दाखवलं नाही. आठ आणि पाच पाठ करून तेरा सांगेल हो पोर. पण अठ्ठावीस आणि पाच आले की? पाढे हवेतच. पण आधी आकडा हातात फुटायला हवा."

मी वहीत लिहिले, 'मासे विकणारीचा दाखला देतात.' हे लिहिताना आज मला लाज वाटते, पण लिहिले होते हे खरे.

आणि मग सहावा दिवस आला. पुन्हा मुठींचा खेळ होता. खेळाआधी बाईंनी नेहमीचा नियम सांगितला, "दोन्ही मुठीत काहीतरी हवं." भिंतीवर सात घरे लिहून झाली होती. एक-सातपासून सात-एकपर्यंत. यादी पूर्ण झाली असे मुले म्हणत होती. तेवढ्यात सुगंधाचा जोडीदार ओरडला, "बाई, ही खोटं खेलते! हिची मूठ खालीच हाय!"

सुगंधा फारशी बोलणारी नव्हती. तिने उघडा तळवा तसाच पुढे धरला. "खोटं नाय. ह्या मुठीत काय नाय. ह्या मुठीत आठ हाईत. मिलून आठच हाईत ना?"

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी भिंतीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. माझ्या हातात वही आणि उघडे पेन होते आणि मी तिथे कशासाठी बसलो आहे, हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होते. सुगंधाला गप्प बसवायला एक वाक्य पुरले असते. 'नियम पाळायचा' म्हटले असते तरी कोणाला काही खटकले नसते, मलासुद्धा नाही.

बाईंनी विचारले, "पटलं का रे?"

एक मुलगा चाचरत म्हणाला, "पन तुमीच सांगितलंत, दोनी मुठीत पायजे."

"मी सांगितलं होतं. मी चुकले. सुगंधाचं खरं आहे."

त्यांनी खडू सुगंधाच्या हातात दिला आणि तिला उचलून धरले. तिने यादीच्या वर एक घर लिहिले, मग खाली उतरून आणखी एक. सात घरांची नऊ घरे झाली.

मी काय केले? मी वहीत लिहिले, 'शिक्षिकेलाच विषय येत नाही', आणि त्याखाली दोनदा रेघ ओढली. ठरावाला यापेक्षा भक्कम कारण मिळाले नसते.

समितीच्या सभेत हे कारण मी शेवटच्या घावासाठी राखून ठेवले होते. पण मी उभा राहण्याआधी बाई उभ्या राहिल्या. "ठरावात एक कारण राहिलंय, ते मी देते," त्या म्हणाल्या. आणि त्यांनी सगळे सांगितले, माझ्या वहीत होते त्याहून जास्त. "सव्वीस वर्षं मी मुलांना सांगत आले, की रिकामी मूठ चालत नाही. म्हणजे शून्याला मीच दाराबाहेर उभं केलं. पुढं दहातून दहा गेले की मुलं गोंधळतात, दहातून शून्य गेलं की गोंधळतात. दुसरीच्या बाई म्हणायच्या, यांना शून्य का समजत नाही? मला आता कळलं, का ते."

इस्माईलभाईंनी विचारले, "मग बाई, ठराव मंजूर समजायचा का?"

"ते तुम्ही ठरवा. पण मत एक महिन्यानं घ्या. मला माझ्या जुन्या मुलांना हे सांगून यायचंय."

एक सदस्य हसू दाबत म्हणाले, "अहो, ती आता बाप्ये झाली!"

"म्हणून काय झालं? चूक माझीच ना?"

इस्माईलभाईंनी मला बोट दाखवले. "साहेब, तुम्हीपण जा बाईंबरोबर. ठराव तुमचा आहे, साक्षीदारही तुम्हीच व्हा."

चार रविवार आम्ही फिरलो. जुन्या पनवेलच्या गल्ल्या, खारघरचे टॉवर, शिरढोण. जिथे पत्ता लागेल तिथे. माणसे खूश व्हायची, चहा टाकायची, आणि बाई कशासाठी आल्यात हे कळल्यावर पोट धरून हसायची. एका तरुण वकिलाने तर हात जोडले, "बाई, शून्य मला पुढं भेटलं. चांगली ओळख आहे आता आमची." बाईही हसल्या. मलाही हे सगळे एक गोड वेड वाटू लागले होते.

शेवटच्या रविवारी आम्ही तळोज्याला दिनेशकडे गेलो. तो तिथल्या एका रसायनाच्या कारखान्यात पाळीवर होता. बाईंनी त्याला सगळे सांगितले. तो हसला नाही.

"बाई, मला तवाच ठावं होतं."

"काय?"

"मी एकदा आठच्या आठ एका मुठीत घेतले होते. बरोबर वाटत होतं मला. मग तुमचं आठवलं, दोन्ही मुठीत काहीतरी हवं. म्हणून एक चिंचोका काढून ह्या हातात घेतला."

"मला सांगितलं का नाहीस रे?"

"तुमी बाई होता ना!" तो सहज म्हणाला.

परतीच्या रिक्षात बाई बोलल्या, तेव्हा त्यांच्या तोंडी त्यांच्या गावची भाषा आली. "चूक शून्याची नाय हो. सहा वर्षांच्या पोराला खरं दिसलं होतं. माझ्या धाकानं त्यानं ते मुठीत दाबून टाकलं."

मित्रहो, मी आयुष्यभर व्यासपीठावरून स्वातंत्र्यावर बोलत आलो आहे. माणसाने प्रश्न विचारावा, सत्तेपुढे मान तुकवू नये, हे मी गावोगाव ओरडून सांगितले. पण सत्ता माणसाला पहिल्यांदा भेटते ती मंत्रालयात नाही, पहिलीच्या वर्गात भेटते, हे मला त्या रिक्षात कळले. जे मूल डोळ्यांना दिसलेले खरे बाईंच्या शब्दाखातर सोडून देते, ते मोठे झाल्यावर कोणाकोणाच्या शब्दाखातर काय काय सोडून देईल? आणि माझी परवचा तरी दुसरे काय शिकवत होती? मी तीसपर्यंतचे पाढे घडाघडा म्हणत असे. पण एकदाही कोणाला 'असं का?' म्हणून विचारले नव्हते.

पुढच्या सभेत ठराव पुन्हा आला. माझे अनुमोदक अजून ठाम होते. पालक शाळा सोडून जात आहेत हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. ते बोलून बसल्यावर सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी उभा राहिलो. "मी चुकलो. पहिली त्यांच्याकडेच राहू द्या. मी ठराव मागे घेतो." आणि बसलो.

"इतकंच?" इस्माईलभाई म्हणाले. "या अल्ला, साहेबांची तब्येत बरी आहे ना?"

हशा पिकला. त्या हशात बाईंचा आवाज आला, "मग उद्या मी वर्गावर जाऊ ना?" महिनाभर त्या किती धास्तावल्या होत्या, ते मला त्या एका प्रश्नातून समजले. चार रविवार शेजारी बसून मला ते एकदाही जाणवू दिले नव्हते त्यांनी.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत दर जूनमध्ये त्या नव्या मुलांना पहिल्याच दिवशी आपल्या चुकीची गोष्ट सांगत, सुगंधाच्या नावानिशी. कोणी विचारेल, ती सुगंधा मोठी गणिती झाली का? नाही. ती आज आईच्या जागी मासळी बाजारात बसते. बाईंना त्याचे काही वाटत नाही. मला वाटते, आणि त्यावरून आमचा आजही वाद होतो.

बाई निर्दोष आहेत असे म्हणून मी त्यांचा अपमान करणार नाही. त्यांची हजेरीपत्रके कधी वेळेवर भरली नाहीत. त्यांच्या वर्गाची मुले दुसरीच्या पहिल्या चाचणीत मागे पडत आणि सावरायला त्यांना दिवाळी उजाडे. याबद्दल दुसरीच्या बाईंची बोलणी त्यांनी निमूट खाल्ली. हट्टी तर अशा, की समजूत घालायला गेलेला माणूस त्यांचीच बाजू घेऊन परत येतो.

पण त्यांच्या मायेला हिशोब माहीत नाही. सहा वर्षांपूर्वी माझ्या पत्नीला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणे अडखळू लागले, आणि आकडे तर पार पुसले गेले. घरात माणसे किती, हेही तिला सांगता येईना. ती भिंतीकडे तोंड करून पडून राही. चौथ्या दिवशी दुपारी बाई आल्या. पिशवीतून हँगर काढला, चिमटे काढले. "चला वहिनी, पाच लावा. आता दोन इकडं सरकवा." चार महिने, एकही दुपार न चुकवता. चिमटा दाबताना बोटांना बळ आले, आणि एके दिवशी पत्नी स्वतःहून म्हणाली, "तीन. तिकडं तीन राहिले." मी शेजारच्या खोलीत होतो. पन्नास वर्षांत हजारो टाळ्या ऐकल्या, पण त्या 'तीन'इतके काही कानात राहिले नाही.

आज सकाळी नऊ वाजता त्यांच्या पडवीत जाऊन पाहा. तळोज्याच्या कारखान्यांत कामाला आलेल्यांची मुले तिथे जमतात. कोणी बिहारचे, कोणी ओडिशाचे, कोणी नांदेडकडचे. बाईंची हिंदी भयंकर आहे, पण "और कैसे?" त्यांना झकास म्हणता येते. डॉक्टरांनी जमिनीवर बसायला मनाई केली, तेव्हा आम्हाला वाटले आता तरी हा वर्ग थांबेल. बाईंनी जुने जेवणाचे टेबल पडवीत आणले, स्वतः खुर्चीवर बसल्या आणि मुलांना टेबलावर बसवले.

कुंदाबाई, तुम्हाला भरपूर आयुष्य लाभो आणि त्यातला प्रत्येक दिवस धडधाकट असो. डोळे शाबूत राहोत, कान तिखट राहोत. आणि दर जूनमध्ये तुमच्या पडवीत सहा वर्षांची नवी पोरे येत राहोत. तुम्ही चुकलात तर तोंडावर सांगणारी, तुमचा काडीचाही धाक न वाटणारी.